खालून दुसरी ओळ

डॉक्टर: डावा डोळा झाका, बाई. तळव्यानं. दाबू नका. आता खालून दुसरी ओळ.

बाई: न, र, ग, म, ट, ल.

डॉक्टर: वा.

बाई: वा काय वा! पंचाहत्तरी झाली म्हणून आंधळी नाही झाले. कर सही त्या फॉर्मवर. लायसन्सची खिडकी दीडला बंद होते.

डॉक्टर: करतो हो. फक्त... इतकं भरभर कुणी वाचत नाही. माझी बारा वर्षांची पुतणीसुद्धा अडखळते.

बाई: तिचा मोबाइल काढून घे.

डॉक्टर: आत येताना तुम्ही स्टुलाला धडकलात.

बाई: वाटेत स्टूल ठेवलंस तर माणूस धडकणारच. शाळेत तुझं दप्तरही असंच वाटेत असायचं. पाठ सरळ ठेवून बस.

डॉक्टर: आज आलात कशा?

बाई: शेजारीण इकडं येत होती. तिनं सोडलं.

सिस्टर: डॉक्टर, जरा डिस्टर्ब करते. बाहेरची निळी गाडी या बाईंचीच ना? दिवे चालू राहिलेत आणि एक चाक फुटपाथवर चढलंय. मागच्या गृहस्थांना गाडी काढता येईना, केव्हाचे ओरडताहेत.

डॉक्टर: किल्ली द्या बाई. सिस्टर लावतील नीट.

बाई: ...घ्या. दुसरा गिअर अडतो जरा.

सिस्टर: अडू दे. माझ्यापुढं बऱ्याच जणांचं अडणं सुटतं.

डॉक्टर: शेजारीण गाडी इथंच टाकून गेली वाटतं.

बाई: उलटतपासणी नको. तुझी बाई आहे मी.

डॉक्टर: म्हणूनच विचारतोय. थांबा, तक्ता वाकडा झालाय. सरळ करतो.

(डॉक्टर भिंतीवरचा तक्ता खिळ्यावरून काढतो, उलटवून त्याची दुसरी बाजू समोर करून लावतो आणि जागेवर येऊन बसतो.)

डॉक्टर: हं. एकदाच, शेवटचं. खालून दुसरी ओळ.

बाई: किती वेळा तेच? न, र, ग, म, ट, ल. झालं?

डॉक्टर: ...

बाई: झालं का, विचारतेय. बोल की! असा गप्प बसलास की मला तिसरीतला दिसतोस.

डॉक्टर: तिसरीत मी असा गप्प कधी बसलो होतो, आठवतं?

बाई: एरवी तू कसला गप्प! पोरं पोपट म्हणायची तुला. अख्खं पुस्तक घडाघडा वाचायचास. पाहुणे आले की तुलाच पुढं उभं करायचे.

डॉक्टर: मग तुम्ही बदलून आलात. म्हणालात, पान चिकटलंय तुझं, सोडवून देते. आणि पुस्तक भलत्याच पानावर उघडून हातात दिलंत. मी आपला माकडाची गोष्ट म्हणत सुटलो. समोर चित्र होतं आगबोटीचं. ते दिसलं तेव्हा बसलो असा गप्प.

बाई: ...तू तक्ता उलटवलास.

डॉक्टर: हो.

बाई: सरळ करतो म्हणालास मला.

डॉक्टर: खोटं बोललो. पान तरी कुठं चिकटलं होतं?

बाई: परवा तू जेवायला गेला होतास तेव्हा आले होते मी. सिस्टरना म्हटलं, बसते पाच मिनिटं. भिंग लावून एकेक अक्षर उतरवून घेतलं. दोन दिवस भांडी घासताना पाठ करत होते. जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडल्या आणि या वयात... जाऊ दे. कळलं ना तुला? आता सही कर.

डॉक्टर: बाई!

बाई: दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते. त्यानं तोंडावर नाही म्हटलं. म्हणून तुझ्याकडे आले.

डॉक्टर: मोतिबिंदू असता तर काढून टाकला असता. हा डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय, मघाशी तपासताना दिसलं. जे गेलं ते परत येत नाही, हे त्यानं सांगितलं असेल ना?

बाई: सांगितलं.

डॉक्टर: आणि तरी दोन महिने चालवताय?

बाई: मग काय उडत जाऊ? हे तिकडं त्या शुश्रूषागृहात पडलेत. सतरा किलोमीटर. बस एक सकाळी, एक संध्याकाळी. अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेली, माणसं ओळखेनात. मुलगा रविवारी फोन करतो, तो फोन यांच्या कानाला लावते, तर हे फोनकडेच बघत बसतात. पण चार वाजता माझी गाडी फाटकाशी आली, हॉर्न वाजला, की मान खिडकीकडे वळते. आया सांगतात मला. मग माझ्या हातून चार घास खातात. दुसऱ्या कुणाच्या हातून तोंडच उघडत नाहीत. आता सांग, कुठला नियम दाखवतोस मला?

डॉक्टर: टॅक्सीनं—

बाई: टॅक्सी! तो हॉर्न त्यांना कळेल?

डॉक्टर: बाई, मी काय बोलू...

बाई: बोलायला तर तुला छान येतं. माझ्या निरोप समारंभात माइकवर काय म्हणालास? आज मी जो काही आहे तो बाईंमुळे. लोकांनी डोळे पुसले. वर्षभर शाळा सुटल्यावर बसवलं तुला. ताटात वाळू पसरून बोटानं अक्षरं गिरवून घेतली. तुझे वडील म्हणत होते, पोरगं डोक्यानं अधू आहे, दुकानात बसवतो. चारदा भांडायला गेले तुझ्या घरी. तिसऱ्यांदा त्यांनी दारातूनच परत पाठवलं, तरी चौथ्यांदा गेले. कधी बोलून दाखवलं? आज दाखवतेय. मी आज पहिल्यांदा काहीतरी मागतेय तुझ्याकडे.

डॉक्टर: शब्द न् शब्द खरा आहे. सही नाही करणार.

बाई: कृतघ्न आहेस.

डॉक्टर: म्हणा. तुम्हाला नाही म्हणायची आयुष्यातली पहिली वेळ आहे ही.

बाई: मग कशाला म्हणतोस?

डॉक्टर: कारण त्या दिवशी तुम्ही मला मारलं नाहीत, हेडमास्तरांना सांगितलं नाहीत. वर्गाचं दार लावलंत, माझ्यासमोरच्या बाकावर बसलात आणि म्हणालात, तुला वाचता येत नाही. हे आपण दोघांनी आधी मान्य करू, मग पुढचं बघू. त्याआधी तीन वर्षं सगळे माझं कौतुक करत होते बाई. त्यातल्या एकानंही माझं भलं केलं नाही.

बाई: तू माझेच शब्द मला ऐकवणार आता.

डॉक्टर: हो. तुम्हाला दिसत नाही, बाई. हे आपण दोघांनी आधी मान्य करू.

बाई: गेल्या सोमवारी शाळेपुढं एक मुलगी रस्ता ओलांडत होती. मला दिसली नाही ती. दोन हातांनी बॉनेटवर थापा मारल्या तेव्हा कळलं. म्हणाली, आजी, झोपलात का? आणि हसत हसत गेली. हसत गेली रे! मी तिथंच अर्धा तास बसून होते. कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं पोरांना रस्ता ओलांडायला शिकवलं मी.

डॉक्टर: आणि मंगळवारी?

बाई: मंगळवारी पुन्हा गेले. चार वाजत आले होते.

सिस्टर: ही घ्या किल्ली बाई, लावली गाडी. गिअर अडत नाही हो, तुम्ही क्लच अर्धाच दाबत असणार. डॉक्टर, बाहेर सहा जण आहेत.

बाई: माझ्याकडे नको. त्यांच्या टेबलावर ठेवा.

डॉक्टर: सिस्टर, तीननंतरच्या पेशंटना फोन करा. सव्वापाचला बोलवा म्हणावं.

सिस्टर: सव्वापाच? बरं. शिव्या मी खाते, नेहमीसारख्या.

बाई: उपकार नकोत मला तुझे.

डॉक्टर: वर्षभर मला बसवलंत, ते काय होतं?

बाई: काम होतं ते माझं.

डॉक्टर: मग हे माझं. रोज जमेल असं सांगत नाही, पुन्हा खोटं कशाला. मंगळवार आणि गुरुवार माझे. बाकीच्या दिवसांचं बघू. आपल्या वर्गातली ती बेकरीवाली इथंच असते, तिला विचारतो. एखाददिवशी कुणालाच जमणार नाही, तेव्हा तुम्ही मला शिव्या घाला.

बाई: माझीच गाडी घ्यायची. तुझ्या त्या मोठ्या गाडीचा आवाज त्यांना कळायचा नाही.

डॉक्टर: तुमचीच. साडेतीनला निघू. फाटकाशी पोचलो की हॉर्न तुम्ही वाजवा. शेजारच्या सीटवरून हात पोचतो.

बाई: आणि मी आजारी पडले तर? तुला एकट्याला जावं लागलं तर?

डॉक्टर: तर... कसा वाजवता तुम्ही?

बाई: दोन लहान, थोडं थांबून एक लांब. लिहून नको घेऊस. एवढं मात्र पाठ कर.