मशीनला बर्फ आवडतो

नाही, मला सांगा, मी विचारलं काय होतं? एवढंच ना, की बाई गं, ही गोळी मला लागू पडेल हे तुला कशावरून कळलं? तर डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघून म्हणतात, "आजी, मशीनने सांगितलंय!" झालं! पुढे बोलायची सोयच नाही. मुलगा म्हणतो मशीनने सांगितलंय, सून म्हणते मशीनने सांगितलंय, शेजारीण खिडकीतून ओरडते, "अहो, मशीनने सांगितलंय ना, मग घ्या की गप!" अहो, कॅन्सर माझ्या पोटात, आणि त्यावर बोलतंय कोण, तर मशीन!

तुम्हाला सांगते, मी शाळेची पायरी चढलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. त्यामुळे न कळलेलं तसंच सोडून द्यायची मला सवय नाही. गेले तडक त्या मशीनवालीकडे. तळघरात बसते, एवढीशी पोरगी, अंगावर शाल... कारण तिथला गारवा मशीनसाठी, माणसं कुडकुडून मेली तरी चालतील! म्हटलं, समजावून सांग. तर म्हणाली, "आजी, आधीच्या पेशंटच्या गाठींमधली जनुकं वाचून मशीनला दिली, कुणाला कोणतं औषध लागू पडलं तेही दिलं. आता नवी गाठ दाखवली की ते अंदाज सांगतं." म्हटलं, अगं, यापेक्षा ज्योतिषी बरा, तो निदान तोंडाकडे बघून थाप मारतो!

आणि आमचे चिरंजीव! इथली रीत अशी, की गाठीचा तुकडा काढला की मेणात बसवायचा आणि सवडीने पाठवायचा. पण चिरंजीवांना धीर कुठला? कुठूनसा बर्फाचा डबा पैदा केला, डॉक्टरीणबाईंच्या विनवण्या केल्या, आणि डबा छातीशी धरून जिने उतरत धावत सुटला. "आईचा तुकडा ताजा पोचला पाहिजे!" लहानपणी दूध आणायला पाठवलं तर अर्धं रस्त्याला पाजून येणारा हा... त्या दिवशी थेंब सांडला नाही हो त्याने. मशीन म्हणालं, लागू पडेल. रडला बापडा आनंदाने.

घेतल्या गोळ्या. केस गेले, तोंडाची चव गेली, नखं काळी पडली. आणि गाठ? गाठीने छान बाळसं धरलं! धरणारच. मशीनने सांगितलंय ना!

परवा ती शालवाली आपण होऊन वर आली. खाटेच्या कडेला बसली, नजर फरशीवर. "आजी, चूक सापडली. ज्या दवाखान्यातून गाठी बर्फातून यायच्या, तिथले पेशंट आजार वाढायच्या आत आलेले असायचे, म्हणून बरे व्हायचे. मेणातल्या गाठी उशिरा आलेल्यांच्या. बर्फातल्या गाठीचं वाचन जरा वेगळं येतं, आणि मशीनने... जनुकं सोडून तेवढंच पाठ केलं."

म्हटलं, म्हणजे बर्फ दिसला की पास?

"हो."

मेण दिसलं की नापास?

तिने मान डोलावली. "तुमचा तुकडा मेणातून आला असता तर आम्ही दुसरं औषध दिलं असतं."

आणि ते लागू पडलं असतं?

तिने शाल आणखी घट्ट ओढून घेतली. शाल काय ओढतेस? विचार की मशीनला!

मग मी तिचा हातच धरला. म्हटलं, बर्फाचं माझ्या मुलाच्या कानावर गेलं तर याद राख, याच खाटेवर झोपवीन तुला. डोळे पुसत म्हणते कशी, "आजी, मशीनला नव्याने शिकवतोय, तुमची गाठही त्यात घालतोय." बघा! शाळेने मला आत घेतलं नाही, आणि आता मी मास्तरीण. धडा एकच, हिला लागू पडलं नाही!

आज पुन्हा तुकडा काढणार आहेत, नव्याने शिकलेल्या मशीनसाठी. मला ढकलगाडीवरून आत नेत होते, तर दारात चिरंजीव उभे. डबा छातीशी. "आई, या वेळी दुप्पट बर्फ आणलाय!"

काय बोलणार? म्हटलं, "शहाणं माझं बाळ ते. झाकण तेवढं घट्ट लाव."