सहा जणांची खोली

जानेवारीत कॅनडातल्या सॅस्कटूनच्या एका दुकानात, आईच्या रिकाम्या घरासाठी कुलूप घेऊन मी रांगेत उभी होते. पुढे दोन म्हातारे शेजारी बोलत होते.

“ऑरेस्ट, हवा ओलसर ठेवायचं आणखी एक मशीन? गांजाची झाडं चारच ना तुझी?”

“चारच. कायद्यानं तेवढीच. हीटरनं पानं कुरकुरीत व्हायला लागली, म्हणून आमच्या बेडरूममधलं मशीन त्यांच्या खोलीत नेलं.”

“मग?”

“झाडं टवटवीत झाली. ओल्हाच्या नाकातून रक्त यायला लागलं.”

“म्हणजे हे बायकोसाठी.”

“नाही. ती महिनाभर झाडांपाशीच झोपतेय.”

“अरे, हे बेडरूममध्ये लाव. येईल परत.”

“विचारलं. म्हणाली, झाडं घोरत नाहीत.”

“मग हे कशाला घेतोस, बाबा?”

“माझी गादी तिकडे नेतोय. सहा जणांना एक मशीन पुरायचं नाही.”