तिसऱ्या कडव्यावर थांबलेलं गाणं

गुड्रुन : ...साठ माणसं हातात गाण्याचे कागद धरून तुझ्या तोंडाकडे बघत होती, व्हेर्नर! आपल्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आलेली.

व्हेर्नर : तोंडातून निघून गेलं गं.

गुड्रुन : निघून गेलं? तिसऱ्या कडव्याला मध्येच उभा राहिलास, ग्लासवर काटा वाजवलास. सगळ्यांना वाटलं, आता हा आभार मानणार. आणि तू काय केलंस?

व्हेर्नर : तो शब्द. 'गुलब्रॉलुप्समॉर्न'. लग्नाच्या पन्नाशीची सकाळ. जोर 'गुल'वर हवा, गाताना 'लुप्स'वर जात होता.

गुड्रुन : चालच तशी आहे ती! कुणालाही खटकलं नव्हतं. तू टेबलावर थाप मारत सुरू केलंस : गुल, ब्रॉ, लुप्स, मॉर्न, म्हणा माझ्यामागे! मास्तरकी सोडून बारा वर्षं झाली तुला.

व्हेर्नर : लोक हसले की.

गुड्रुन : ट्रोल्स हसला?

व्हेर्नर : ...नाही.

गुड्रुन : ज्याने गाणं लिहिलं तो आपला मुलगा, सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या. त्याने कागद दुमडून ताटाखाली सरकवला. तिसरीत वही लपवायचा तसा.

व्हेर्नर : तिसरीतलं काढू नकोस.

गुड्रुन : काढणारच. वाचायला जड जायचं त्याला. तू त्याला फळ्यापाशी उभं करून असले हातभर शब्द टाळ्या वाजवत तोडायला लावायचास. अख्खा वर्ग हसायचा.

व्हेर्नर : मास्तर स्वतःच्या पोराला पाठीशी घालतात असं कुणी म्हणू नये म्हणून...

गुड्रुन : आणि घरी?

व्हेर्नर : घरीही मास्तरच राहिलो.

गुड्रुन : हा घे त्याचा कागद. हॉल आवरताना सापडला.

व्हेर्नर : चष्मा दे. ...पेन्सिलीच्या रेघा आहेत. प्रत्येक लांब शब्द तोडलाय. जोराच्या जागी टिंब. ही माझी पद्धत! गुड्रुन, 'गुल'वरच टिंब आहे गं.

गुड्रुन : तीन आठवडे बसला होता लिहीत. तुला आवडावं म्हणून.

व्हेर्नर : लाज वाटते मला. त्याला तोंड कसं दाखवू?

गुड्रुन : दाखव आता. पन्नाशीसाठी दारावर बांधलेली देवदाराच्या फांद्यांची कमान उतरवायला आलाय तो.

(ट्रोल्स आत येतो. हाताला देवदाराचा चीक लागलेला.)

ट्रोल्स : आई, झालं. फांद्या गाडीत टाकल्यात. निघतो मी.

व्हेर्नर : थांब. काल मी चुकलो, ट्रोल्स.

ट्रोल्स : असू दे बाबा. शब्द बसला नव्हता नीट.

व्हेर्नर : शब्दाचं सोड. मी तुला भर समारंभात फळ्यापाशी उभं केलं. पुन्हा.

ट्रोल्स : ...आई, कॉफी आहे?

गुड्रुन : आहे. बस.

व्हेर्नर : गाण्याची दोन कडवी राहिलीत. म्हणतोस?

ट्रोल्स : पाठ नाहीत. कागदावरून वाचावी लागतील. हळू वाचतो मी, बाबा. अजून.

व्हेर्नर : वाच. मी बसलोय.