फडक्यावरची पिन

—नाही, लाजू नका, सगळेच स्क्रू ड्रायव्हरने उचकटतात. टायर काढायला वेगळ्या पट्ट्या असतात हे ठाऊक कुणाला? ही बघा ट्यूब. एक भोक खिळ्याचं, दोन तुमची — खिळा परवडला म्हणायचा. आणि टायरवरचा हा बाण? चाक फिरतं त्या दिशेला हवा, तुमचा मागे बघतोय. व्हिडिओत सांगितलं नव्हतं? असेल हो सांगितलं, तुम्हालाच दम निघाला नसेल. बसा त्या स्टुलावर, घाई करू नका, घाईनेच तर इथवर आलात. आता हा मागच्या चाकाचा मोठा नट. कितीही आवळा, खाचेतून पिन घालून तिची टोकं वाकवली नाहीत तर धक्क्याधक्क्याने सैल होतो. तुमची पिन कुठंय? खिशात? वा. आणा इकडे.

तो नळाखाली रिम घासतोय ना, तो माझा जावई. शिकलेला आहे, ऑफिसात होता चांगला. इथे का? येतो आपणहून, रोज, मी बोलावलं नाही. नट मात्र एकही उघडत नाही, पाना दिला तर परत माझ्याच हातात देतो. पूर्वी असा नव्हता — पूर्वी भरल्या पंगतीत म्हणाला होता, बाबा, तुमच्या धंद्यात आता काय राहिलंय, सगळं मोबाइलवर बघून घरी करता येतं. सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. तीस वर्षं हे हात काळे केले मी, साहेब. म्हटलं, याची एकदा जिरली पाहिजे.

पुढच्याच रविवारी अंगणात मागचं चाक काढून बसला. ट्यूब बदलली, चाक बसवलं, नट आवळला — खोटं कशाला बोलू, बरं केलं होतं. आणि पिन? विसरला. म्हणजे — विसरला नाही हो, नीट फडक्यावर ठेवली होती. फोन वाजला म्हणून आत गेला, तेवढ्यात मी उचलली. परत आला, फडकं रिकामं, त्याला वाटलं लावली. मला खात्रीच होती तो वाकून बघणार नाही. मला काय हवं होतं? कोपऱ्यापर्यंत जाईल, चाक डगमगेल, गाडी ढकलत येईल, चार लोक बघतील. एवढंच.

मुलगी मागे बसेल हे मला काय माहीत? आली आतून, बसली. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो — पण हा हसून म्हणाला, बाबा, तपासायचं असेल तर तपासा, फी नाही देणार. मग मिटलं मी तोंड.

तिचा डावा गुडघा आता वाकत नाही. दवाखान्यात हा माझ्या गळ्यात पडून रडला, बाबा, मी पिनच विसरलो. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं असं नवख्याकडून. मुलगी त्याच्याशी बोलत नाही, माझ्याकडेच राहते, माझ्याच हाताला धरून जिना उतरते. वाईट वाटतं हो. पण पंगतीत आता कुणी हसत नाही, हेही खरं.

काय बघताय असं? दुसऱ्याच्या घरातलं आहे, ऐकलंत, सोडून द्या. झाली तुमची गाडी, पिन लावली, टोकं वाकवली, हात लावून बघा. निघा आता.

अहो, तिकडे कुठे? रस्ता या बाजूला आहे. साहेब, त्याला काम आहे, त्याला नका — साहेब —