दिगंबरच्या भिंतीवरची काच

दुसऱ्याच्या भिंतीला तडा गेला म्हणून जळलेला माणूस पाह्यला का कधी? मंग मला बघा.

गावाबाहेरचा एक कारखाना घाण पाणी बोअरमधून खोल जमिनीत सोडायचा. मंग गावाला हादरे बसू लागले. तपासायला साहेब आले. त्यांच्याजवळ उपग्रहाच्या रडारवरून केलेला नकाशा होता. जमीन जिथं फुगली तिथं लाल रंग. तो लाल रंग शेजारच्या दिगंबरचं घर घेऊन बराबर आमच्या कुंपणाला थांबला. दिगंबरच्या भिंतीला भेग पडली होती, तिच्यावर साहेबांनी काचेची पट्टी चिकटवली. म्हणले, "काच फुटली तर समजा, भेग वाढून राह्यली."

तेव्हापासून वाटूरहून पाहुणा आला, तरी दिगंबर पाणी द्यायच्या आधी काच दाखवायचा.

मी बी साहेबांना आमची भेग दाखवली. त्यांनी आत बॅटरी मारली. "आत सफेदीच्या चुन्याचे जुने थर आहेत. म्हणजे ही भेग तुमच्या वडिलांच्या वेळची."

बायको म्हणली, "त्यांचं घर आभाळातून दिसतंय. आपलं दारात उभं राहून बी दिसंना."

पुढं काच फुटली. साहेबांनी दिगंबरला घर सोडायला लावलं. "शेजारचं दगडी घर सगळ्यात मजबूत. तिथं राहा."

दिगंबर बायकापोरांसकट आमच्यात आला. लोक आमच्याच ओसरीवर, आमचाच चहा पिऊन, त्याच्या काचेची चौकशी करायचे.

एक दिवस त्यानं आमच्या भिंतीवरून हात फिरवला अन् म्हणला, "घर चांगलं हे रे तुझं. फक्त काच न्हाई."