दादाचा शेअर आणि माझी कात्री

मला एक सांगा, पैसे सहा पट झाले, तर माणूस सहा पट श्रीमंत का होत नाही? नाही, सांगाच! बँकेतल्या साहेबाला विचारलं, तो पेन शोधायला लागला. शेअरच्या दलालाला विचारलं, त्यानं चहा मागवला. अर्ध्यात शाळा सोडलेल्या माणसाला कोण कशाला सांगेल? आणि दादाला विचारलं की तो सरळ माझ्याकडे बोट दाखवायचा. "महागाई म्हणजे कोण? हा!"

तुम्हाला सांगतो, माझं केस कापायचं दुकान, एक खुर्ची, एक आरसा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गेला त्याला अजून महिनाही नाही... जाऊ दे, हसायला बसलोय आपण! तर दादानं वीस वर्षांपूर्वी सगळी बचत एकाच कंपनीत घातली, कुठल्याशा कंप्युटरवाल्या. वहिनी म्हणाली, "अहो, चार ठिकाणी घाला!" तर म्हणतो कसा, "बायका चार केल्या का मी?" झालं! दोन दिवस जेवायला माझ्याकडे!

आता लोक भाव पेपरात बघतात. हा माझ्या खुर्चीत बसून बघायचा! "घेतला तेव्हा एका शेअरमध्ये पन्नास कटिंग व्हायच्या. आज किती?" शेअर सहा पट झाला हो, पण माझा दरही पाच पट झाला ना! पन्नासाच्या झाल्या साठ. वीस वर्षांत दहा कटिंग जास्त! अहो, भाडं वाढलं, वीज वाढली, ब्लेड वाढलं, मी काय हवेवर कापू? पण नाही... महागाई म्हणजे कोण? मी! नवा दर पाटीवर रंगवला की भर दुकानात बोंब, "माझा शेअर पाडला यानं!" आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खिदळतंय!

मग आजारी पडला. हॉस्पिटलात त्याचे केस कापायला गेलो, तर पडल्या पडल्या बोटं मोजतोय. "एकदा तरी जिंकायला हवा होता रे माझा शेअर..." माझं डोकंच फिरलं! म्हटलं, "आज फुकट! कर हिशेब!" तर कॉटवरून ओरडला, "गाढवा, शून्यानं भागता येत नाही! काहीतरी घे!"

"मग वीस वर्षांपूर्वीचा दर घेतो."

दादानं पुन्हा बोटं मोजली. ओठ हलले. "तीनशे... अगं ए, तीनशे कटिंग!" वहिनी धावली, नर्स धावली, शेजारचा पेशंट विचारतोय, "काय झालं, मुलगा की मुलगी?"

मी रीतसर जुन्या दरानं पैसे घेतले, सुट्टे परत दिले. एवढ्या जगाची महागाई त्या एका कॉटपुरती उतरवली हो मी! आणि दादानं काय करावं? आरसा धरला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, म्हणाला, "दर जुना, म्हणून हातही जुनाच का रे? डावा कल्ला वर गेलाय."

आता काय करता... वाकलो, आणि उजवाही वर नेला.