चन्नवीरमामांचा खरखरणारा कंट्रोल

...अहो, तीनदा खोललं मी ते यंत्र, तीनदा! एकदा बिघडलं तर माणूस म्हणतो धूळ असंल, दोनदा बिघडलं तर म्हणतो आपलाच हात चुकला असंल, पण तीनदा? तुमाला सांगतो, चौऱ्याहत्तर सालचा सोलापूरचा उन्हाळा, वर पत्रा, खाली मी, अन् मधी चन्नवीरमामांचा मिक्सर... चटणीचा न्हवं हो, रेकॉर्डिंगचा! मुंबईच्या कुठल्याशा स्टुडिओनं वापरून मोडीत काढलेला. मामांनी तो आणून आपल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत बसवला, अन् त्यावर भजनं काय, नाटकं काय, टांग्यावरच्या जाहिराती काय, सगळं टेप केलं. चार माइक, त्यांचे चार कंट्रोल, म्हंजी आवाज कमी-जास्त करायची बटणं. वर्सानुवर्सं फिरवून आतली काळी पट्टी झिजती, मग बटण फिरवलं की खर्र... खर्र... ते नीट करणं, एवढंच या ईरप्पाचं काम.

पहिल्यांदा मामा आले, म्हणाले, "कंट्रोल खरखरतोय, ईरप्पा." मी स्पिरिटचा कापूस फिरवून दिला. आठ दिवसांनी परत, कंट्रोल खरखरतोय, ईरप्पा. मग आतलं पातं जरासं वाकवून पट्टीच्या न झिजलेल्या बाजूला टेकवलं. परत तेच! शेवटी मुंबईहून नवा कोरा कंट्रोल मागवून टाकला, तर सोमवारी सकाळी निरोप हजर... कंट्रोल खरखरतोय.

म्हटलं, आता खोलीवरच जाऊन बघतो. गेलो, तर मैंदर्गीच्या काशम्माअक्का कानडी भक्तीची वचनं गायला बसलेल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा टेप केला तो मामांनीच. मी आधी मिक्सरचा प्लग काढला, करंट लागून मरायचंय का मला? प्लग माझ्या हातात, मामांच्या कानाला हेडफोन, बोट बटणावर. हळूच फिरवलं अन् म्हणाले, "हे बघ, खरखरतोय."

मी प्लगकडं बघतोय, अक्का माझ्याकडं बघतायत... तीस वर्सं हा माणूस ज्या कानांवर जगला, त्याला कुठल्या तोंडानं सांगू? मान खाली घातली, स्क्रू ड्रायव्हर घेतला, म्हटलं, करतो की मामा, व्हईल आता नीट.

तसा मामांनी हेडफोन काढून ठेवला.

"प्लग तुझ्या हातात हाय, दिसतंय मला. वर्स झालं, कानातच हाय ही खरखर."

मी जरा मोठ्यानंच विचारलं, मग माझ्याकडं कशाला आणत व्हता?

"डॉक्टर म्हणतो, आता बरं व्हायचं न्हाय. तू दरवेळी म्हणतोस, व्हईल."

आता यावर माणसानं काय करावं, तुमीच सांगा... तवापासनं दर गुरुवारी दुकान बंद ठेवून तितं जाऊन बसतो. हेडफोन माझ्या कानाला, बटण मामांच्या बोटात. आवाज फाटाय लागला की मी हात खाली करतो, बारीक झाला की वर. अक्कांची बारा वचनं अशीच टेप झाली, लई गोड झाली. अन् मामा? परवा अक्कांच्या कानात हळूच सांगत व्हते, म्हंजी त्यांना वाटलं हळूच, पार रस्त्यापत्तोर ऐकू गेलं...

"कारागीर बरा हाय हो ईरप्पा, पण जरा कानाचा कच्चा हाय."